पोरगं पहिल्यांदा जिऊ-जित्सूच्या स्पर्धेला चाललंय? मग एवढं करून घ्या

आपल्याकडं सांगली-मिरजेत जिऊ-जित्सूच्या (मॅटवर झोंबून, गळा किंवा सांधा धरून समोरच्याला हार मानायला लावायचा खेळ) क्लासला एखाददुसरं पोरगं तरी तालमीतलं असतंच, नाहीतर घरात आजा-काका मातीत घुमलेले असतात, त्यामुळं पाठ लागली की कुस्ती गेली हे पोराच्या डोक्यात कुणी न शिकवता बसलेलं असतंय. स्पर्धेच्या आधी पहिलं काम हेच, ते डोक्यातनं काढायचं.

इथं पाठ मॅटला टेकली म्हणून कुणी हरत नाही. पाठीवर पडून समोरच्याला पायांत अडकवून लढायचं, त्याला गार्ड म्हणतात, आणि निम्मा खेळ तिथंच चालतो. आता तालमीतलं पोरगं काय करतं, खाली गेलं रे गेलं की चीत होऊ नये म्हणून गर्रकन पोटावर वळतं आणि मॅटला चिकटून बसतं. कुस्तीत बरोबर आहे ते. पण इथं समोरचा लगेच पाठीवर चढतो, दोन्ही पाय मांड्यांच्या आत अडकवतो, ३ सेकंद टिकला की ४ गुण त्याचे, आणि वरनं गळा धरायला पण मोकळा.

यावर उपाय सोपा आहे पण रोज करायला लागतो. पोराला पाठीवर झोपवा, जोडीदाराला छातीवर बसवा आणि एकच अट घाला, पोटावर वळायचं नाही. कुशीवर व्हायचं, ढुंगण मागं सरकवायचं, मधी गुडघा घालायचा आणि गार्ड परत लावायचा. मिनिटभर झालं की अदलाबदल. शेवटच्या दोन आठवड्यांत नवीन डाव शिकवत बसण्यापेक्षा हे घोटून घ्या, माझं तर स्पष्ट मत आहे.

गुणांचा हिशोब पोराला तोंडपाठ पाहिजे. पाडलं तर २, खालनं उलटवून वर आलं तर २, पोटावर गुडघा ठेवला तर २, गार्ड ओलांडला तर ३, छातीवर बसलं किंवा पाठ घेतली तर ४. हे आयबीजेजेएफ म्हणजे ब्राझिलियन जिऊ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय फेडरेशनचे गुण, बऱ्याच स्पर्धा हेच धरतात. म्हणजे आपल्या पोरानं झकास पट काढला, पाय धरून पाडलं, तरी मिळणार २, आणि तिथंच हात वर करून वस्तादांकडं बघत बसलं तर पुढच्या दहा सेकंदांत समोरचा खालनं उलटवून बरोबरी करतो. पट काढला की थांबायचं नाही, पाय ओलांडून बाजूला यायचं. अजून एक, समोरच्यानं खालनं कमरेला पायांची मिठी मारली असेल तर त्याला उचलून आपटायचं नाही, थेट बाद करतात. टाचेला पीळ द्यायला तर पोरांना बंदीच आहे, आणि १२ वर्षांपर्यंतच्या पोरांना समोरनं मुंडकं काखेत धरून आवळायचा गिलोटिन पण चालत नाही.

फॉर्म भरताना प्रकार नीट बघा, कारण जुजित्सू या नावाखाली फायटिंग नावाचा वेगळा प्रकार पण असतोय, त्यात लाथा-ठोसे चालतात. वयोगट वाढदिवसावर नाही, जन्माच्या सालावर धरतात. २०१६ ला जन्मलेलं पोरगं २०२६ मध्ये १० वर्षांचंच, मग वाढदिवस डिसेंबरात का असेना. आयबीजेजेएफच्या नियमात ७ ते ९ वाल्यांची मॅच ३ मिनिटांची, १० ते १५ ची ४ मिनिटांची.

वजन गी म्हणजे जिऊ-जित्सूचा जाड झगा-पँट घालून करतात आणि बहुतेक ठिकाणी मॅचच्या थोडं आधी, एकच चान्स. तेव्हा घरी पण गी घालूनच काट्यावर उभं करा. किलोभर जास्त भरलं तर वरच्या गटात टाका, उपाशी ठेवून आणि पळवून वजन उतरवायचे उद्योग लहान पोरांवर करू नका, कुणी कितीही मोठा कोच सांगू दे. गीची बाही पण मोजतात, हात समोर सरळ केला की मनगटापासून ५ सेंटिमीटरपेक्षा वर नको. गी गरम पाण्यानं आटते आणि पोरगं तर वाढतच असतंय, त्यामुळं मागच्या वर्षीची गी आठवडाभर आधी घालून बघा. नखं कापा. अंगावर नायटा असेल तर सरळ घरी ठेवा, दुसऱ्यांची पोरं आहेत.

आता टॅपचं, म्हणजे हार मानल्याची खूण करायचं. कोपर ताणलं किंवा गळा आवळला गेला की समोरच्याच्या अंगावर दोन-तीनदा चांगलं जोरात थापायचं, हात अडकले असतील तर पायानं मॅटवर, नाहीतर तोंडानं. आणि हे नीट ऐका, दुखलं म्हणून ओरडलं तरी तो टॅपच धरतात. म्हणजे पकडीत असताना "आई गं!" निघालं की मॅच संपली, मग रेफ्रीशी भांडून उपयोग नाही. पोराला आधीच सांगा, म्हणजे नंतर रडारड नको. पण दुखत असताना तोंड दाबून सहन कर असं मात्र चुकून पण सांगू नका.

स्पर्धा पुण्या-मुंबईला असेल तर आदल्या संध्याकाळीच निघा, पहाटे गाडीत कोंबून नेलेलं पोरगं मॅटवर जांभया देतं. सकाळी हलकं खायला, मधी केळं, राजगिऱ्याचा लाडू. भडंगाची पिशवी मॅच झाल्यावर उघडा, आधी उघडली की संपेपर्यंत ती पोरं ऐकत नाहीत.

मॅच चालू असताना बाहेरनं एकट्या कोचनंच बोलायचं. बाबा एक सांगतोय, मामा दुसरं, आई व्हिडिओ काढत तिसरंच, पोरगं मधीच थांबून तुमच्याकडं बघतं आणि तेवढ्यात पाय ओलांडले जातात. आणि सेमीफायनल हरलं तरी लगेच बॅग भरू नका, बऱ्याच ठिकाणी दोघा हरलेल्यांना ब्राँझ देतात, नाव पुकारतील तेव्हा पोडियमवर गी घालूनच जायला लागतंय.