रणजी करंडकाचा हंगाम मनापासून पाहायचा असेल तर

रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ पासून खेळली जाते आणि तिच्यात आपले तीन संघ उतरतात: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. गोव्याचा संघ धरला तर चार. तरीही भारताचा प्रत्येक सामना आवडीने पाहणारा रसिक रणजीकडे वळतो तो बहुधा एखादा नामवंत खेळाडू तेथे खेळणार असेल तेव्हाच, आणि तो बाद झाला की त्याचे लक्षही उडते. माझ्या मते या स्पर्धेइतका ऐवज भारतीय क्रिकेटमध्ये दुसरीकडे क्वचितच मिळतो. मात्र तो हाती लागण्यासाठी सामना कोणत्या गोष्टीवर फिरतो हे आधी समजून घ्यावे लागते.

सुरुवात गुणपद्धतीपासून करावी. साखळी सामना चार दिवसांचा असतो. निर्णायक विजयाला ६ गुण मिळतात आणि डावाने किंवा दहा गडी राखून जिंकल्यास आणखी १ गुण मिळतो. सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्या संघाला ३ आणि पिछाडीवरच्या संघाला १ गुण दिला जातो. बाद फेरीचे सामने पाच दिवसांचे असतात आणि ते अनिर्णित राहिले, तर पहिल्या डावातील आघाडी घेणारा संघच पुढे जातो. त्यामुळे धावफलक उघडल्यावर कोणाचे शतक झाले हे पाहण्याआधी, आघाडीसाठी किती धावा हव्या आहेत आणि किती गडी शिल्लक आहेत, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

२०२४-२५ च्या हंगामातील केरळचा प्रवास यासाठी मुद्दाम अभ्यासण्यासारखा आहे. पुण्याजवळच्या गहुंजे येथील उपांत्यपूर्व सामन्यात जम्मू-काश्मीरच्या २८० धावांना उत्तर देताना केरळची अवस्था ९ बाद २०० झाली होती. सलमान निझार आणि बेसिल थंपी या शेवटच्या जोडीने ८१ धावा जोडल्या, केरळचा डाव २८१ वर संपला आणि त्या एका धावेच्या आघाडीवर, सामना अनिर्णित राहूनही, संघ उपांत्य फेरीत पोहोचला. तेथे अहमदाबादला केरळच्या ४५७ धावांचा पाठलाग करणारा गुजरातचा शेवटचा फलंदाज अर्झान नागवासवाला याने मारलेला चेंडू जवळ उभ्या असलेल्या निझारच्या हेल्मेटवर आदळून उडाला आणि कर्णधार सचिन बेबीने तो झेलला. गुजरातचा डाव ४५५ वर संपला. नागपूरच्या अंतिम सामन्यात मात्र विदर्भाच्या ३७९ धावांपुढे केरळ ३४२ पर्यंतच पोहोचले. त्यानंतर दुसऱ्या डावात विदर्भ फलंदाजी करतच राहिला. आघाडीचे गणित ठाऊक नसलेल्याला तो खेळ रटाळ वाटला असेल. परंतु करंडक हातात असलेल्या संघाने डाव घोषित करून प्रतिस्पर्ध्याला संधी देण्याचे काहीच कारण नव्हते, आणि करुण नायरची १३५ धावांची खेळी त्या दृष्टीने पाहिली तरच तिचे मोल कळते.

अहमदाबादेत नागवासवालाला बाद करणारा, त्या हंगामात केरळकडून खेळलेला डावखुरा फिरकी गोलंदाज आदित्य सरवटे हा मूळचा विदर्भाचा आहे. विदर्भाने २०१८-१९ मध्ये करंडक राखला, तेव्हा अंतिम सामन्यात ११ बळी घेणारा तोच होता. एखाद्या खेळाडूचा असा माग काही हंगाम ठेवला की धावफलकावरची नावे ओळखीची होतात. म्हणून सुरुवातीला सगळे संघ पाहण्याचा अट्टहास न धरता एकच संघ निवडावा आणि प्रत्येक सत्राअखेरीची धावसंख्या वहीत लिहून ठेवावी. २०२४-२५ मध्ये हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन एका रणजी हंगामातील सर्वाधिक बळींचा विक्रम केला. विदर्भाचा हंगाम पहिल्या सामन्यापासून पाहणाऱ्याला तो विक्रम आकार घेताना दिसला. इतरांना तो बातमीतून कळला.

वार्तांकन वाचताना मथळ्यावर थांबू नये. जानेवारी २०२५ मध्ये रोहित शर्मा मुंबईकडून वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर उतरला, तेव्हा बहुतेक बातम्या त्याच्या ३ आणि २८ धावांभोवती फिरत होत्या. त्याच सामन्यात जम्मू-काश्मीरने ४२ वेळा विजेत्या ठरलेल्या मुंबईला पाच गडी राखून हरवले आणि मुंबईचा बाद फेरीतील प्रवेश धोक्यात आणला. खरी बातमी ती होती. तेव्हा आधी पूर्ण धावफलक, मग गुणतक्ता आणि शेवटी वृत्तांत, हा क्रम मी आग्रहाने सुचवेन. मराठी दैनिकांत खेळाला मानाचे स्थान मिळवून देण्यात वि. वि. करमरकरांसारख्या पत्रकारांचा मोठा वाटा आहे, आणि आजही स्थानिक आवृत्तीच्या क्रीडा पानावर आपल्या जिल्ह्यातील खेळाडूविषयी जे सापडते, ते राष्ट्रीय वाहिन्यांवर सापडत नाही.

आकड्यांच्या बाबतीतही थोडे सावध असावे. नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्वरी येथे गोव्याच्या स्नेहल कवठणकर आणि कश्यप बखले यांनी ६०६ धावांची अभेद्य भागीदारी केली आणि दोघांनीही त्रिशतके झळकावली. पराक्रम मोठाच आहे. पण तो प्लेट, म्हणजे खालच्या श्रेणीच्या गटातील सामना होता आणि समोरचा अरुणाचल प्रदेशचा संघ ८४ धावांत बाद झाला होता, हे शेजारी लिहून ठेवले तरच त्याची तुलना एलिट, म्हणजे वरच्या श्रेणीच्या गटातील दीडशतकाशी न्याय्य रीतीने करता येते.

सगळेच सामने दूरचित्रवाणीवर दिसत नाहीत. उरलेल्यांसाठी भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या संकेतस्थळावर चेंडूगणिक माहिती मिळते. शक्य असेल तेव्हा मैदानावर अवश्य जावे. प्रवेश बहुधा विनामूल्य असतो आणि प्रेक्षक थोडे असल्याने यष्टिरक्षकाची हाक आणि कर्णधाराच्या सूचनाही ऐकू येतात. फिरकी गोलंदाजी चालू असेल, तर बाजूला न बसता साइटस्क्रीनच्या (गोलंदाजाच्या मागे सीमारेषेबाहेर असलेल्या मोठ्या पडद्याच्या) जवळ, गोलंदाजाच्या हाताच्या रेषेत बसावे, म्हणजे चेंडू किती वळतो ते दिसते. एकच दिवस सवड काढता येत असेल, तर पहिला दिवस निवडू नये. धावफलकावर नजर ठेवून दुसऱ्या संघाचा पहिला डाव संपत येईल तो दिवस, म्हणजे बहुधा तिसरा, निवडावा आणि ८० षटकांनंतर नवा चेंडू घेतला जाण्यापूर्वी जागेवर पोहोचावे.