ऑफिसातले दिवे बदलताय? या चुका टाळा

"एलईडी बसवले, पण बिल म्हणावं तसं उतरलं नाही." सांगलीच्या मार्केट यार्डातल्या गाळ्यापासून विश्रामबागच्या तीन मजली ऑफिसापर्यंत ही तक्रार ऐकू येते. बहुतेक वेळा दिवा चांगलाच असतो. बचत अडते ती वायरिंगमध्ये आणि बटणांच्या जुळणीत, आणि तिथेच खर्च करायला लोक का-कू करतात.

आधी हिशोब. ३६ वॅटची जुनी ट्यूब चोकसकट ४६-४८ वॅट खाते. तिच्या जागी २० वॅटची एलईडी पट्टी आली की एका जागेमागे २७ वॅट वाचतात. ४० ट्यूब, रोज ९ तास आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर साधारण २४३ युनिट. पण बिलातला स्थिर आकार तसाच राहतो आणि एप्रिल-मेमध्ये एसी ही सगळी बचत खाऊन टाकतो. म्हणून तुलना युनिटची करा, तीही मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी.

सर्वांत मोठी आणि धोक्याची चूक म्हणजे जुन्या पट्टीत, म्हणजे ट्यूब बसते त्या सांगाड्यात, नुसती एलईडी ट्यूब खोचणे. काही ट्यूब चोक राहू दिला तरी चालतात, फक्त स्टार्टरच्या जागी सोबत मिळालेला डमी लावायचा. मग तो चोक आपला थोडा वाटा खातच राहतो. बाकीच्यांना सरळ २३० व्होल्ट लागतात, म्हणजे चोक आणि स्टार्टर दोन्ही बाहेर काढायचे. त्यातही काहींना फेज-न्यूट्रल एकाच टोकाला द्यायचे असतात, काहींना दोन टोकांना. दोन टोकांची ट्यूब चालू सप्लायवर बसवताना एक टोक आत गेलं की दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांना हात लागून शॉक बसू शकतो. मेन बंद केल्याशिवाय वायरमनला शिडीवर चढू देऊ नका. आणि एका टोकाला सप्लाय दिलेल्या पट्टीत उद्या कुणी शिपायाने माळ्यावरची जुनी ट्यूब लावली, तर सगळा दाब तिच्या फिलामेंटवर येऊन भडका उडेल. "चोक काढला आहे, फक्त एलईडी, सप्लाय या टोकाला" अशी चिठ्ठी पट्टीच्या आत चिकटवाच. जमत असेल तर जुनी पट्टीच काढून अख्खी नवी बसवा. मला तोच मार्ग पटतो.

बटण बंद करूनही दिवा मंद उजळत राहतो? बटण फेजऐवजी न्यूट्रलवर आहे का ते आधी तपासून घ्या. तसं असेल तर लगेच दुरुस्त करा, कारण बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज जिवंत असते. कधी बटणातला छोटा इंडिकेटरही हे करतो. सगळे दिवे एकदम लावताच एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारं मेनचं बटण) पडत असेल, तर ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं आतलं सर्किट, सुरू होतानाचा क्षणिक झटका हे कारण असू शकतं. एका एमसीबीवरचे दिवे कमी करा किंवा असा क्षणिक झटका सोसणारा 'सी' कर्व्हचा एमसीबी लावा.

आता बटणं. खिडकीलगतची रांग आणि आतली रांग एकाच बटणावर असेल तर भर दुपारी उन्हातही सगळे दिवे जळतात. खिडकीलगतच्या रांगेला वेगळं बटण द्या. थोडी वायर आणि एका दिवसाची मजुरी लागते. माणसाची हालचाल टिपून दिवा लावणारा सेन्सर जिन्यात, स्टोअरमध्ये चांगला. शौचालयात मात्र दाराबाहेरच्या सेन्सरला आतला माणूस दिसत नाही आणि तो अंधारात राहतो. मग वैतागून कुणीतरी सेन्सर कायमचा चालू ठेवतं.

प्रकाश वॅटवर मोजू नका, ल्यूमेन (दिवा एकूण किती प्रकाश देतो ते) बघा. टेबलावर ३०० ते ५०० लक्स (त्या जागेवर पडणाऱ्या प्रकाशाचं माप) मिळाला म्हणजे लिहिण्या-वाचण्याचं काम नीट होतं. हळदीच्या गाळ्यात पट्टीवर धुळीचा थर बसतो आणि प्रकाश घटतो. तिथे नवे दिवे वाढवण्याआधी जुने पुसून बघा.

सांगलीपुरतं एक खास: ऑगस्ट २०१९ च्या पुरात पाणी शिरलेल्या तळमजल्यावर नवे दिवे जोडण्याआधी वायरिंगला मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासणारं यंत्र) लावून बघा. वरून रंग दिला म्हणून आतली वायर कोरडी आणि धड आहे असं धरू नका.

काढलेल्या ट्यूबमध्ये पारा असतो. त्या फोडू नका, घंटागाडीतही टाकू नका. नव्या दिव्यांच्या खोक्यात भरून ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या.