ऑइल वरच्या खुणेच्या वर गेलं तर: जादा ऑइल काढण्याआधीची तयारी

घरी गाडीचं इंजिन ऑइल बदललं, नवा फिल्टर बसवला, डबा संपेपर्यंत ओतलं आणि डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी खुणांची पट्टी) काढून पाहिली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर. अशा वेळी गाडीची चावी आधी बाजूला ठेवा. इंजिन बंद आहे तोवर जादा ऑइल काहीच बिघडवत नाही, ते इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये नुसतं पडून असतं. बिघाड सुरू होतो तो क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा, फिरायला लागल्यावर. तेव्हा घाई नाही. आधी ऑइल खरंच जास्त आहे का ते पाहायचं, मग किती जास्त आहे ते ठरवायचं. पाना आणि नळी त्यानंतर.

मापासाठी गाडी सपाट जागेवर हवी. पुढची चाकं रॅम्पवर असताना घेतलेलं माप धरू नका. ऑइल चेंबरच्या एका बाजूला सरकलेलं असतं आणि डिपस्टिक कोणत्या टोकाला आहे त्यानुसार ते कमी किंवा जास्त दिसतं. इंजिन गरम करून मापायचं की थंड, हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं आणि ते वाचायलाच हवं. ऑइल तापलं की फुगतं: २० अंशांवरचं ४ लिटर ऑइल ९० अंशांना जवळपास २०० मिलीने वाढलेलं असतं. गरम मापायला सांगितलं असेल तर इंजिन बंद केल्यावर ५ ते १० मिनिटं थांबा. डिपस्टिक धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, बाहेर काढा आणि दोन्ही बाजू बघा. एका बाजूला ऑइल वर चढलेलं आणि दुसऱ्या बाजूला खाली दिसत असेल तर खालची खूण खरी. वरची बाजू नळीच्या आतल्या भिंतीला घासून माखलेली असते. तीन वेळा मापून तिन्ही वेळा तेच आलं तरच त्यावर विश्वास ठेवा.

ऑइल जास्त होण्याचं सगळ्यात सामान्य कारण या मापातच असतं. ओतलेलं ऑइल वरच्या झाकणापासून चेंबरपर्यंत उतरायला वेळ घेतं. ओतल्या ओतल्या पाहिलं की कमी दिसतं, मग आणखी ओतलं जातं, आणि दहा मिनिटांनी सगळं खाली येतं. याच्या उलटही होतं. नवा फिल्टर कोरडा बसवला असेल आणि इंजिन अजून फिरलंच नसेल, तर फिल्टरमध्ये जायचं २०० ते ४०० मिली ऑइल अजून चेंबरमध्येच आहे. अशा वेळी ऑइल खुणेच्या थोडंसंच वर असेल तर इंजिन मिनिटभर आयडलवर (अॅक्सिलरेटर न दाबता) चालवा, बंद करा, १० मिनिटांनी पुन्हा मापा. बऱ्याचदा तिथेच प्रश्न सुटतो. पण ऑइल खुणेच्या बरंच वर असेल तर हा प्रयोग नको. आधी काढा, मग चालवा.

आता किती जास्त ते ठरवू. बहुतेक कारमध्ये खालची आणि वरची खूण यांच्यामध्ये साधारण १ लिटर ऑइल मावतं; काहींमध्ये थोडं कमी, नेमका आकडा पुस्तिकेत मिळतो. दोन खुणांमधलं अंतर पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा. ते २० मिमी असेल आणि ऑइल वरच्या खुणेपेक्षा ८ मिमी वर असेल, तर जादा ऑइल सुमारे ४०० मिली. चेंबरचा आकार सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे हा अंदाजच आहे. एका फटक्यात ४०० मिली काढू नका. आधी २००, मग माप, मग पुढचं. शंका असेल तर काढलेल्या जुन्या ऑइलवरूनही पडताळा घेता येतो. ते भांड्यासकट वजन करा, भांड्याचं वजन वजा करा. इंजिन ऑइलचा १ लिटर साधारण ८५० ते ८७० ग्रॅम भरतो. निघालं ३ लिटर आणि ओतलं ४, तर फरक समोरच आहे. फक्त आधी किती कमी होतं आणि जुन्या फिल्टरसोबत किती गेलं, ते हिशेबात धरा.

ऑइल खुणेच्या २ मिमी वर असेल तर बहुतेक पेट्रोल गाड्यांमध्ये त्यासाठी गाडीखाली जाण्याची गरज नाही, असं आमचं मत आहे. टर्बो डिझेलमध्ये मात्र तेवढंही काढून खुणेवर आणलेलं बरं. जादा ऑइल दोन खुणांमधल्या अंतराच्या निम्म्यावर गेलं तर गाडी रस्त्यावर नेऊ नका. एक लिटर किंवा त्याहून जास्त असेल तर इंजिन सुरूच करू नका, गाडी हलवायची झाली तरी ढकलून हलवा.

इतकं जपायचं कशासाठी, तर ऑइलची पातळी वर आली की क्रँकवरची जड वजनं दर फेरीला त्यात बुडू लागतात आणि ताक घुसळावं तसं ऑइल घुसळतात. ऑइलचा फेस होतो. पंप फेस ओढतो, म्हणजे ऑइलबरोबर हवा ओढतो, आणि बेअरिंगपर्यंत पोचणारा थर पातळ आणि तुटक होतो. ऑइल भरपूर असूनही प्रेशरचा दिवा लागतो किंवा टॅपेटचा टकटक आवाज येतो तो यामुळे. दुसरीकडे, उडालेलं ऑइल ब्रेथरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून इनटेकमध्ये, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या वाटेत, जातं, जळतं, निळसर धूर निघतो, स्पार्क प्लग माखतात आणि धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर थर बसतो. कमकुवत झालेलं क्रँकचं सील असेल तर तिथून गळती सुरू होते. टर्बोमधून चेंबरकडे ऑइल आपल्या वजनानेच परत येतं. त्या वाटेचं तोंड ऑइलखाली गेलं की ते टर्बोतच तुंबतं आणि सील ओलांडून बाहेर पडतं. डिझेलमध्ये सगळ्यात वाईट शक्यता अशी की इंजिन इनटेकमधून येणारं ऑइलच इंधन म्हणून जाळू लागतं, आणि मग चावी फिरवून ते बंद होत नाही.

काहीही काढण्याआधी आणखी एक तपास करा, कारण कधी कधी ऑइल जास्त दिसणं हे दुसऱ्याच गोष्टीचं लक्षण असतं. ड्रेन बोल्ट (ऑइल सोडायचा तळाचा बोल्ट) कुठला काढला होता ते टॉर्च घेऊन पुन्हा बघा. इंजिनऐवजी गिअरबॉक्सचा बोल्ट काढला आणि वरून इंजिनात पूर्ण ऑइल ओतलं, ही चूक वाटते त्यापेक्षा खूप जास्त वेळा होते. खूण अशी की ऑइल दोन-तीन लिटरने जास्त भरतं आणि भांड्यात निघालेलं ऑइल काळं नसून स्वच्छ, कधी लालसर असतं. तसं असेल तर गाडी अजिबात सुरू करू नका, कारण गिअरबॉक्स रिकामा आहे. डिपस्टिकवरच्या ऑइलला पेट्रोल-डिझेलचा वास येत असेल, किंवा ऑइल बदलताना पातळी बरोबर होती आणि नंतर आपोआप वाढली असेल, तर इंधन ऑइलमध्ये उतरतंय. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या आणि कायम छोट्या अंतरावर चालणाऱ्या डिझेल गाड्यांत हे दिसतं. ऑइल दुधाळ, चहासारखं दिसत असेल तर कूलंट मिसळल्याची शक्यता आहे. या दोन्ही बाबतीत थोडंसं काढून भागत नाही. कारण शोधावं लागतं आणि ऑइल पूर्ण बदलावं लागतं.

कारण साधंच निघालं, म्हणजे नुसतं जास्त ओतलं गेलंय, तर सर्वात सोयीची पद्धत वरून, डिपस्टिकच्या नळीतून ओढून काढण्याची. गाडी उचलावी लागत नाही, बोल्टाला हात लावावा लागत नाही, आणि चूक झालीच तर थोडं परत ओतता येतं. यासाठी १०० किंवा १५० मिलीची मोठी सिरिंज किंवा हाताने चालणारा व्हॅक्यूम पंप, आणि ४ ते ६ मिमी बाहेरच्या व्यासाची किमान १ मीटर नळी जमवा. नळी नायलॉनची किंवा टेफ्लॉनची, थोडी ताठ हवी. मऊ पारदर्शक नळी गरम ऑइलमध्ये लुळी पडते आणि आत गुंडाळी होऊन बसते. तिचं टोक तिरकं कापा; सरळ कापलेलं टोक चेंबरच्या तळाला चिकटलं की काहीच ओढलं जात नाही आणि माणूस उगाच सिरिंजला दोष देतो. नळी डिपस्टिकशेजारी धरून तितक्याच लांबीवर चिकटपट्टी लावा आणि त्याच्या ३ सेंटिमीटर पुढे दुसरी. पहिली पट्टी डिपस्टिकच्या नळीच्या तोंडाशी आली की टोक ऑइलमध्ये आहे. दुसरीच्या पुढे ढकलायचं नाही. मध्येच अडली तर जोर लावू नका, फिरवून बघा. काही इंजिनांत ही वाट तळापर्यंत जातच नाही, तिथे खालूनच काढावं लागतं.

नळी आणि सिरिंज जिथे जुळतात तो सांधा हवाबंद हवा. तिथून हवा आली की सिरिंजमध्ये ऑइलऐवजी बुडबुडे येतात. नळीच्या टोकाशी हवा येण्याचं दुसरं कारण म्हणजे टोक ऑइलच्या वर राहिलंय. ऑइल कोमट, ४० ते ५० अंश, असलं की सहज ओढलं जातं. जादा ऑइल थोडंच असेल तर इंजिन दोन मिनिटं आयडलवर चालवून चालेल. खूप असेल तर थंडच ओढा, दट्ट्या सावकाश मागे घ्या, वेळ लागू द्या. तोंडाने नळी ओढून सायफन करण्याचा विचारही करू नका. प्रत्येक सिरिंज १०० मिलीच्या खुणा असलेल्या मापात रिकामी करा आणि आकडा लिहून ठेवा. सिरिंज, नळी आणि बाटली कोरडी आणि स्वच्छ असेल, ऑइल नवं असेल आणि इंजिन त्यावर चाललं नसेल, तर निघालेलं ऑइल झाकण लावून, ग्रेड आणि तारीख लिहून पुढे टॉप-अपसाठी ठेवता येतं.

खालून काढायचं ठरलं तर तयारी वाढते. जॅक फक्त उचलण्यासाठी. गाडी स्टँडवर टेकवल्याशिवाय आणि मागच्या चाकांना ठोकळे लावल्याशिवाय खाली सरकायचं नाही. भांडं इंजिनात मावणाऱ्या सगळ्या ऑइलपेक्षा मोठं घ्या, ४ लिटरच्या इंजिनाला किमान ६ लिटरचं. कारण बोल्ट हातातून सुटला तर सगळंच ऑइल येतं. बोल्टाच्या मापाची गोटी (सॉकेट), टॉर्क पाना (ठरावीक जोराने आवळण्याचा), नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, खाली अंथरायला पुठ्ठा, सांडलं तर लाकडाचा भुसा किंवा वाळू, आणि नवा वॉशर. तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा वॉशर एकदा दाबून बसला की परत नीट सील होईलच असं नाही. बोल्ट पूर्ण काढू नका. पान्याने सैल करा, मग हाताने आत दाबून धरत एकेक आटा फिरवा, धार सुरू झाली की तिथेच थांबा आणि मापात घ्या. ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं, म्हणून बाही दुमडलेली हवी आणि ऑइल कढत नको. जुना वॉशर बदलायचा तर बोल्ट बाहेर काढावाच लागतो आणि तेवढ्यात बरंच ऑइल जातं. त्यामुळे या पद्धतीत थोडं जास्त निघेल असं धरूनच चाला आणि परत ओतायला ऑइल जवळ ठेवा. घट्ट करताना पुस्तिकेतला टॉर्क वापरा. बऱ्याच कारमध्ये तो २५ ते ४० न्यूटन-मीटर असतो, पण अॅल्युमिनियमच्या चेंबरमध्ये अंदाजाने आवळल्याने आटे गेले तर अर्ध्या लिटर ऑइलच्या भानगडीचा खर्च चेंबरवर जातो.

फिल्टर उघडून त्यातलं ऑइल ओतून टाकणं हा तिसरा मार्ग. खालून बसणाऱ्या फिल्टरचं एक वेळ चालतं. वरून बसणाऱ्या कार्ट्रिज फिल्टरचं झाकण सैल केलं की त्यातलं ऑइल चेंबरमध्येच परत जातं, म्हणजे त्या खटाटोपातून जवळपास काहीच निघत नाही.

दुचाकीत हे सगळं लहान मापात होतं. इंजिनात मावणारं ऑइलच १ लिटरच्या आसपास, त्यामुळे १०० मिली जास्त होणंही मोठं आहे. गाडी सरळ उभी करून मापा, साइड स्टँडवर नाही. डिपस्टिक आट्यांची असेल तर ती फिरवून बसवायची की नुसती टेकवायची, हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं, आणि तेवढ्यानेच ऑइल जास्त झाल्याचा भास होतो. काढायला साधी सिरिंज ऑइल ओतायच्या भोकातून पुरते. जास्त ऑइलवर दुचाकी चालली असेल तर एअर फिल्टर उघडून बघा, ब्रेथरमधून ऑइल तिथेच येतं.

काढून झाल्यावर इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा. प्रेशरचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. बंद करा, १० मिनिटं थांबा, मापा. वरच्या खुणेला टेकलं नाही, किंचित खाली राहिलं, तरी चांगलं. तिथून भर घालू नका. जादा ऑइलवर गाडी चाललेली असेल आणि डिपस्टिकवर बारीक बुडबुडे दिसत असतील तर रात्रभर उभी ठेवा, फेस बसल्यावरच खरं माप मिळतं. तशा गाडीची इनटेकची नळी सैल करून आत ऑइल साचलंय का बघा आणि असेल तर पुसून घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली थेंब आहेत का, आणि पहिल्या ५० किलोमीटरनंतर पातळी आणि ड्रेन बोल्ट, एवढं पाहा.

निघालेलं जुनं ऑइल झाकणबंद कॅनमध्ये भरून वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्यांकडे द्या. गटारात किंवा मातीत नाही. शेवटी किती ऑइलवर पातळी बरोबर बसली तो आकडा पुस्तिकेच्या पहिल्या पानावर लिहा. पुढच्या वेळी त्या आकड्यापेक्षा अर्धा लिटर कमी ओता, इंजिन मिनिटभर चालवा, १० मिनिटं थांबा आणि उरलेलं १००-१०० मिलीने भरा.