स्वमग्न मुलाच्या गरजा शाळेपुढे मांडताना या चुका टाळा

‘आमच्या मुलाला ऑटिझम आहे, जरा लक्ष असू द्या’ एवढे प्रवेशाच्या वेळी सांगून आपले काम झाले असे समजणे, ही पालकांकडून होणारी पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. पन्नास मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईंना ‘लक्ष’ म्हणजे नेमके काय करायचे, हे त्या वाक्यातून कळू शकत नाही. मीही दोन वर्षे हेच केले. तपासणीचा चौदा पानांचा अहवाल मी मुख्याध्यापकांकडे दिला, तो कपाटातल्या फायलीत गेला आणि वर्गशिक्षिकेच्या हाती कधी पडलाच नाही. शाळेला निदानाचे नाव सांगून भागत नाही. कोणत्या वेळी काय अडते आणि त्यावर काय करावे, हे सांगावे लागते. म्हणून अहवालासोबत एकच पान द्यावे आणि ते शाळेच्या दिवसाच्या क्रमाने लिहावे: प्रार्थनेला त्याला लाउडस्पीकरपासून दूर उभे करावे, सूचना एका वेळी एकच द्यावी, फळ्यावरचे उतरवून घ्यायला जादा वेळ द्यावा, तास बदलणार असेल तर शक्यतो आदल्या दिवशी सांगावे.

दुसरी चूक म्हणजे ‘वर्गात तर तो अगदी शांत असतो, मार्कही चांगले आहेत’ हे उत्तर ऐकून परत येणे. आमच्याकडे हे उत्तर सलग दोन पालकसभांत मिळाले. त्याच काळात मुलगा घरी आला की दप्तर दारातच टाकून पलंगाखाली जाऊन बसायचा आणि तासभर कोणाला जवळ येऊ द्यायचा नाही. शर्टाची कॉलर चघळून चघळून ओली झालेली असे. दिवाळीपर्यंत दोन शर्टांच्या कॉलरी विरल्या. शाळेतले सहा तास स्वतःला आवरून धरण्याची किंमत तो घरी मोजत होता आणि शाळेला ती दिसण्याचे कारणच नव्हते. अशा वेळी शाळेशी वाद घालण्यापेक्षा नोंदी ठेवाव्यात. मी तीन आठवडे रोज एका वहीत तारीख, घरी आल्याची वेळ, कॉलरीची अवस्था आणि त्या दिवशीचे तास लिहिले. मंगळवार आणि शुक्रवार सर्वांत वाईट जात होते आणि त्याच दिवशी त्याच्या वर्गाच्या खिडकीबाहेर मैदानावर लेझीमचा सराव असे. वही बाईंपुढे ठेवल्यावर त्यांनी स्वतःच सुचवले की सरावाच्या अर्ध्या तासात त्याला ग्रंथालयात बसवू. जे दोन वर्षे सांगून झाले नव्हते, ते तीन आठवड्यांच्या नोंदींनी झाले.

तोंडी कबुलीवर मात्र विसंबून राहू नये. बाई बदलतात, मुख्याध्यापक बदलतात आणि ठरलेले सारे विरून जाते. प्रत्येक बैठकीनंतर जे ठरले ते पत्राने कळवावे आणि आपल्या प्रतीवर शाळेचा शिक्का, तारीख व आवक क्रमांक घालून पोच घ्यावी. पोच मागितली म्हणजे भांडण काढले, अशी भीती अनेक पालकांना वाटते. ती सोडून द्यावी.

‘दिव्यांग प्रमाणपत्रावर चाळीस टक्के नाहीत, मग सवलत कशी देणार?’ असे शाळेने म्हटल्यावर गप्प बसणे ही जाणकार पालकांकडूनही होणारी चूक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या अनुसूचीतील 21 प्रकारांत स्वमग्नता आहे आणि कलम 16 प्रमाणे विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोयी करून देण्याची जबाबदारी सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांवर आहे. खासगी शाळा मान्यताप्राप्त असेल तर तीही त्यात आली. चाळीस टक्क्यांची अट आरक्षणासारख्या काही ठरावीक लाभांसाठी आहे. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली परीक्षेत उत्तरे लिहून देणाऱ्या लेखनिकाची सोय चाळीस टक्क्यांच्या अटीला बांधता येणार नाही, असे स्पष्ट केले आहे. पत्रात कलमाचा उल्लेख एका ओळीत आणि सौम्य शब्दांत करावा, कारण त्याच बाईंसोबत मुलाला वर्षभर राहायचे असते.

याचा अर्थ प्रमाणपत्राची टाळाटाळ करावी असा नव्हे. ‘शिक्का बसेल’ म्हणून ते नववीपर्यंत पुढे ढकलणारी घरे मी पाहिली आहेत आणि त्यांची तगमगही पाहिली आहे. दिव्यांग प्रमाणपत्रासाठीच्या सरकारी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग शासकीय रुग्णालयात स्वमग्नतेचे प्रमाण मोजणारी चाळीस मुद्द्यांची ‘इसा’ (ISAA) चाचणी, मग वैद्यकीय मंडळ, यात महिने जातात. आणि दहावीला बोर्ड कागदच मागते. सीबीएसईत तीन तासांच्या पेपरला मिळणारा एक तास जादा वेळही या कागदाशिवाय पदरात पडत नाही. प्रमाणपत्र मुदतीचे असेल तर ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

‘त्याला अर्धा दिवसच आणा’ किंवा ‘तुम्ही वर्गाबाहेर बसून राहा’ अशी सूचना सहानुभूतीने केलेली असली, तरी ती तशीच मान्य करू नये. ही व्यवस्था किती दिवसांसाठी आहे आणि पूर्ण दिवसाकडे कसे जायचे, हे लेखी मागावे. तारीख नसलेला अर्धा दिवस वर्षभर तसाच चालतो. शाळेने उत्तरच दिले नाही, तर पोच लावून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावे आणि समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षकाची भेट मागावी. तेथेही अडले, तर पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

एक चूक दर जूनमध्ये होते. जुन्या बाईंनी नव्या बाईंना सर्व सांगितले असेल, असे आपण गृहीत धरतो. शाळा उघडण्यापूर्वीच्या आठवड्यात नव्या वर्गशिक्षिकेची वेळ घेऊन ते एक पान पुन्हा द्यावे आणि त्यातल्या जुन्या ओळी बदलाव्यात. आमच्या पानावरची कॉलरीची ओळ यंदा निघाली आणि तिच्या जागी आली ती ही: ‘मधल्या सुट्टीत त्याला एकटे बसायचे असेल तर बसू द्यावे, पाच मिनिटांनी तो स्वतःहून उठतो.’