उभ्या कॅम्पर व्हॅनमध्ये हवा कोंडते? या चुका टाळा

कॅम्पर व्हॅन म्हणजे आत झोपायची-राहायची सोय केलेली गाडी. तिच्या छताला पंखा लावला म्हणजे व्हॅन हवेशीर झाली, हा समज आधी डोक्यातून काढा. पंखा जेवढी हवा बाहेर फेकतो, तेवढीच आत यायला वाट हवी. नेहमीचं चित्र असं असतं: १४ इंची पंखा पूर्ण वेगात, सगळ्या काचा घट्ट बंद. पंखा नुसता घरघरतो, बॅटरी उतरते आणि सकाळी काचांवरून पाणी ओघळतं. मग उतावळी मंडळी दुसरा पंखा आणून छताला आणखी एक भोक पाडतात. खरं तर पंख्यापासून सर्वांत लांबची खिडकी दोन बोटं उघडली तरी काम झालं असतं. पंखा मागे असेल तर पुढची काच उघडा, तीही सावलीच्या बाजूची. पंख्याशेजारचीच खिडकी उघडली, तर हवा तिथूनच आत येऊन तिथूनच निघून जाते. बिछान्यापाशी हलत नाही. खात्री करायची असेल तर फटीपाशी टिश्यू पेपरची पट्टी धरा. ती आत ओढली गेली पाहिजे. नाही ओढली गेली, तर जाळी धुळीने भरली आहे का आणि पंख्याच्या तारा उलट्या जोडल्या आहेत का, ते बघा.

थंडीत ऊब राहावी म्हणून सगळं बंद करू नका. दोन माणसांच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभरात सुमारे अर्धा लिटर पाणी हवेत जातं. ते पत्र्यावर गारठतं आणि अस्तरामागे बुरशी धरते. पंखा अगदी मंद, पण रात्रभर चालू ठेवा.

शेगडी पेटवून व्हॅन गरम करणं ही अक्षम्य चूक. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं. शिवाय काचा बंद आणि पंखा चालू असेल, तर हीटरच्या धुराड्यातला धूर उलटा आत खेचला जाऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. त्याचा अलार्म झोपताना डोकं असतं त्या उंचीवर लावा. स्वयंपाकाचा गॅस मात्र हवेपेक्षा जड; त्याचा अलार्म जमिनीलगत हवा आणि सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी थेट बाहेर उघडणारं भोक हवं.

पंखा बसवायला छत कापल्यावर उघड्या कडेला प्रायमर (गंजरोधक अस्तर-रंग) लावल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर तिथूनच गंज धरतो. पंख्याच्या चौकटीखाली ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), वरून फटी बुजवणारं पॉलियुरेथेन सीलंट. साधं सिलिकॉन नको. ते सुटलं की त्या जागी दुसरं काही धड चिकटत नाही. एवढा धीर नसेल तर छत कापूच नका. पुढच्या दोन्ही काचांना रेन व्हायझर (काचेच्या वरच्या कडेला बसणारी पाऊस अडवणारी पट्टी) लावा, म्हणजे पावसातही फट उघडी ठेवता येते.