दहा मीटर एअर रायफलचा सिलिंडर: बसवायचा हातानेच

नळीखालचा हवेचा सिलिंडर बसवायला अर्धं मिनिट पुरतं, आणि वाट लागते तीही त्याच अर्ध्या मिनिटात. एक तर आटे वाकडे चढतात, नाही तर ओ-रिंग (सांधा हवाबंद करणारी रबरी कडी) कापली जाते. कोकणात भर पडते ती खाऱ्या वाऱ्याची आणि दमटपणाची.

आधी बोल्ट (पेलेट भरायची जागा उघडणारा दांडा) उघडून आत पेलेट, म्हणजे शिशाची छोटी गोळी, नाही याची खात्री करा आणि नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याचं दाखवणारी रंगीत दोरी) घाला. सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. स्पर्धेच्या नियमांनुसार सिलिंडर जास्तीत जास्त १० वर्षं वापरता येतो आणि मुदत सांभाळणं नेमबाजाचं काम. जुनी रायफल घेताना ही तारीख आधी विचारावी, रंग-पॉलिश नंतर.

आता आटे. घामाचं मीठ आणि धूळ मिळून आट्यांत करकरीत लेप बसतो. कोरड्या टूथब्रशने तो काढा आणि धागे न सोडणाऱ्या फडक्याने पुसा. ओ-रिंगवर चीर, चपटा भाग किंवा वाळूचा कण दिसतो का ते उजेडात पाहा. बदलायची असेल तर लाकडी टूथपिकने उचला. सुईने खाचेला ओरखडा पडला, तर नवी रिंग घालूनही हवा गळतच राहते.

रिंगला सिलिकॉन ग्रीस लावायचं, तेही मुगाच्या अर्ध्या दाण्याएवढं. रिंग नुसती चमकली पाहिजे. पांढरा थर दिसला तर जास्त झालं. आपल्याकडे कडीकोयंड्यापासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्याला हाताशी असेल ते तेल लावायची सवय आहे. इथे खोबरेल नको, मशीनचं तेल नको, गाडीचं ग्रीस तर नकोच. हवा झटकन दाबली गेली की तापते, आणि तेवढ्या दाबाखाली तेल पेट घेऊ शकतं. याच कारणाने सिलिंडरमध्ये ऑक्सिजन कधीच भरायचा नाही.

रायफल स्टँडवर स्थिर ठेवा, सिलिंडर नळीला समांतर धरा आणि आधी उलटा फिरवा. आटा आट्यात पडला की बारीकसा ‘टक्’ जाणवतो. तिथून दोन बोटांनी सुलट फिरवा. पहिले दोन-तीन फेरे लोण्यासारखे गेले पाहिजेत. अडलं तर जोर लावू नका. काढा आणि पुन्हा सुरुवात करा. मऊ धातूचा आटा एकदा खाल्ला गेला की दुरुस्तीचा खर्च मोठा. शेवटी रायफलमधली पिन सिलिंडरचा व्हॉल्व्ह ढकलते, तेव्हा हात थोडा जड होतो आणि कधी ‘फुस्स’ असा आवाज येतो. तिथे थांबू नका. सिलिंडर टेकेपर्यंत न्या आणि मग सोडून द्या. दाबमापकाची तबकडी तिरकी राहिली म्हणून आणखी पिळणारे असतात. त्याने फायदा काहीच नाही, कारण हवा अडवते ती रिंग, तुमचं मनगट नव्हे.

बसवल्यावर दाब लिहून ठेवा आणि सकाळी पुन्हा पाहा. इथे घाई नको. दुपारच्या ३३ अंशांवर २०० बार (बार हे दाबाचं एकक) असलेला सिलिंडर पहाटे २४ अंशांवर १९४च्या आसपास दाखवतो. ती गळती नाही, हवा थंड झाली इतकंच. त्याच तापमानाला दाब उतरलेला दिसला तर सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा, मग ते लगेच पुसून टाका. उलटही होतं: महामार्गावर उन्हात उभ्या गाडीत आतली हवा ६० अंशांवर गेली, तर २०० बारचे २२० होतात.

आता पाणी. पावसाळ्यात ३० अंशांच्या घनमीटरभर हवेत २७ ग्रॅमच्या आसपास वाफ असते. पाव लिटरचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरायला ५० लिटर हवा लागते, म्हणजे सव्वा ग्रॅमहून जास्त पाणी. दाबाखाली त्यातलं जवळजवळ सगळं द्रव होतं. हातपंपाला पाणी अडवणारा फिल्टर नसेल तर ते आत जातं आणि गंज धरतो किंवा रेग्युलेटर (प्रत्येक गोळीला सारख्याच दाबाची हवा देणारा भाग) बिघडवतं. जूनपासून हातपंप शक्यतो टाळावा.

मालवण-तारकर्लीच्या बाजूला स्कुबा डायव्हिंगचे कॉम्प्रेसर हवा गाळून, सुकवून भरतात. भरून घेताना ‘साधी हवा’ असं स्पष्ट सांगा, कारण डायव्हिंग करणाऱ्यांच्या काही टाक्यांत ऑक्सिजन वाढवलेलं मिश्रण असतं. टाकीचा व्हॉल्व्ह आणि तुमचा अडॅप्टर जुळतो का, तेही आधीच बघा. भरताना नळ केसभरच उघडा. झपकन भरलं तर सिलिंडर गरम होतो, काटा २०० दाखवतो आणि निवल्यावर खाली येतो. अकरा लिटरच्या टाकीतून पाव लिटरचा अर्धा रिकामा सिलिंडर भरला की दर भरणीला टाकीचा दाब दोन-तीन बार उतरतो, म्हणून पुढच्या प्रत्येक भरणीत थोडा कमी मिळतो.

काटा रेग्युलेटरच्या ठरलेल्या दाबाखाली गेला की पेलेटचा वेग पडतो आणि गोळ्या खाली लागू लागतात. दिवसभर साइट (नेम धरायचं साधन) फिरवण्याआधी एकदा तबकडीकडे बघा.