नव्या हार्ड डिस्कवर ईमेल नेताना

गिरगावातील आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या कार्यालयात एक जुना संगणक आहे. पुनर्विकासासंबंधी विकासक, वास्तुविशारद आणि सभासद यांच्याशी झालेला बारा वर्षांचा पत्रव्यवहार त्यातील आउटलुक या ईमेलच्या प्रोग्राममध्ये साठलेला असल्यामुळे, डिस्क खरखरू लागली तेव्हा सचिव या नात्याने ते सारे ईमेल नव्या डिस्कवर नेण्याचे काम माझ्याकडे आले. या कामात कॉपी करणे सर्वांत सोपे असते. नेमके काय कॉपी करायचे हे ठरवताना माणूस चुकतो, आणि मीही तिथेच चुकलो.

म्हणून आपले ईमेल प्रत्यक्षात कुठे आहेत, हे आधी पाहावे. ते केवळ ब्राउझरमध्ये उघडून वाचत असाल, तर ते सेवादात्याच्या सर्व्हरवर असतात आणि हलवण्यासारखे काहीच नसते. आउटलुक किंवा थंडरबर्ड वापरत असाल, तर खात्याच्या सेटिंग्जमध्ये त्याचा प्रकार दिसतो. ‘आयमॅप’ असेल तर मूळ प्रती सर्व्हरवर असतात आणि नव्या डिस्कवर खाते जोडताच त्या आपोआप उतरू लागतात. ‘पॉप’ असेल तर मात्र सावध राहावे, कारण उतरवलेले ईमेल काही दिवसांनी सर्व्हरवरून काढून टाकण्याची सोय बहुधा चालू असते आणि मग जुन्या ईमेलची एकमेव प्रत आपल्या डिस्कवरच उरते.

आउटलुकमध्ये ‘फाइल’, त्यातील ‘अकाउंट सेटिंग्ज’ आणि तिथला ‘डेटा फाइल्स’ हा टॅब उघडल्यास वापरात असलेल्या सर्व फाइलींची यादी दिसते. त्यातील प्रत्येक ओळ निवडून ‘ओपन फाइल लोकेशन’ दाबावे आणि जागा कागदावर लिहून घ्यावी, कारण सगळ्या फाइली एकाच फोल्डरमध्ये असतील असे नाही. आमचे खाते आयमॅपचे होते, परंतु सर्व्हरवरील जागा भरत आल्याने पूर्वीच्या एका सचिवांनी जुने ईमेल ‘आर्काइव्ह’ नावाच्या वेगळ्या फाइलीत हलवून ठेवले होते. ही फाइल ‘डॉक्युमेंट्स’मधील ‘आउटलुक फाइल्स’ या फोल्डरमध्ये होती आणि तिच्या नावाच्या शेवटी ‘पीएसटी’ होते. ‘ओएसटी’ अशी अखेर असलेली दुसरी फाइल ‘ॲपडेटा’ या लपवलेल्या फोल्डरमध्ये होती. ती आकाराने मोठी आणि तारखेने ताजी दिसल्याने मी फक्त तीच उचलली. नव्या डिस्कवरील आउटलुकने ती उघडण्यास साफ नकार दिला, कारण ओएसटी ही सर्व्हरवरील ईमेलची स्थानिक प्रत असते आणि ज्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे आउटलुकमधील खात्यांच्या सेटिंग्जच्या संचात, ती तयार झाली त्याबाहेर ती चालत नाही. अलीकडचे ईमेल सर्व्हरवरून आपसूक आले. २०२० पूर्वीचे एकही पत्र दिसेना. सुदैवाने जुनी डिस्क मी भंगारात दिली नव्हती.

तात्पर्य, पीएसटी फाइली सर्वच्या सर्व न्याव्यात. कॉपी करण्यापूर्वी आउटलुक पूर्ण बंद करावे आणि ते पार्श्वभूमीत चालू नाही ना, हे टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रामांची यादी दाखवणाऱ्या विंडोजच्या साधनात, तपासावे. पेन ड्राइव्हवरून नेत असाल तर ३२ जीबी रिकामी जागा असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश येऊ शकतो. तो ड्राइव्ह ‘फॅट ३२’ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि त्या पद्धतीत एका फाइलीची मर्यादा ४ जीबीपर्यंतच असते. त्यापेक्षा जुनी डिस्क यूएसबी केबलने थेट जोडणे बरे. अशी केबल लॅमिंग्टन रोडवर सहज मिळते, मात्र डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अॅडॉप्टर लागतो, हे दुकानातच सांगून घ्यावे. डिस्क आवाज करत असेल तर दुरुस्तीचे प्रयोग नंतर करावेत, आधी ईमेलच्या फाइली बाहेर काढाव्यात.

नव्या ठिकाणी पीएसटी साध्या स्थानिक फोल्डरमध्ये ठेवावी. नेटवर्कवरील सामाईक फोल्डरमध्ये ठेवून ती वापरू नये. नंतर ‘फाइल’, ‘ओपन अँड एक्सपोर्ट’, ‘ओपन आउटलुक डेटा फाइल’ या मार्गाने ती उघडावी. फाइल बिघडल्याचा संदेश आल्यास ऑफिससोबतच येणारे ‘स्कॅनपीएसटी’ हे साधन चालवता येते, पण ते मूळ फाइलीवर नव्हे, तिच्या प्रतीवर चालवावे.

थंडरबर्डचे काम याहून सुटसुटीत आहे. त्याचे ईमेल, पत्ते आणि सेटिंग्ज एकाच प्रोफाइल फोल्डरमध्ये असतात. थंडरबर्ड बंद करून तो संपूर्ण फोल्डर उचलला की झाले. जतन केलेले पासवर्डही त्याच फोल्डरमध्ये असल्याने ती प्रत कुणाच्या हाती पडू देऊ नये.

आमच्याकडे एक गोष्ट अनपेक्षित निघाली. जुन्या नोटिसांच्या जोडपत्रांत मराठी मजकुराऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसू लागली. त्या युनिकोड ही आजची सामाईक अक्षरपद्धती रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या आणि तो फॉन्ट नव्या डिस्कवर नव्हता. जुन्या डिस्कवरील फॉन्ट आणून बसवल्यावर त्या वाचता आल्या.

पडताळणीसाठी जुन्या आणि नव्या फाइलीचे ‘प्रॉपर्टीज’ उघडून आकार बाइटपर्यंत जुळतो का ते पाहावे, आणि मग सर्वांत जुन्या वर्षातील एखाद्या ईमेलचे जोडपत्र प्रत्यक्ष उघडावे. जुनी डिस्क किमान दोन-तीन महिने तारीख लिहून कपाटात ठेवावी. मध्येच ती पुन्हा लावून संगणक सुरू करण्याची वेळ आली, तर आधी इंटरनेटची वायर काढावी. अन्यथा पॉप खाते असल्यास आउटलुक उघडताच त्या दिवसाचे नवे ईमेल जुन्या डिस्कवर उतरतील.